मोहाच्या सावलीतला माणूस

धुळ्याच्या चौथ्या गल्लीत जीवराम सोनाराचा फोटो स्टुडिओ होता. घरचा धंदा दागिन्यांचा. पण जीवराम तरुणपणी इंदूरला एका पारशी फोटोग्राफरच्या हाताखाली राहिला आणि परत आला तो लाकडी कॅमेरा घेऊनच. वडील बरेच दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. पुढे शहरातली लग्नं, मुंजी, कचेरीतले निरोपसमारंभ, सगळीकडून बोलावणी येऊ लागली, तेव्हा एक दिवस तेच पगडी घालून त्याच्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "काढ माझाही."

ही गोष्ट एकोणीसशे एकतीसच्या हिवाळ्यातली. तोवर जीवरामच्या कानशिलांवरचे केस पिकले होते. स्टुडिओचं अर्धं काम त्याची बायको कमलबाई सांभाळत असे. काचेच्या प्लेटेवर टोकदार पेन्सिल फिरवून देवीचे व्रण, डोळ्यांखालच्या सुरकुत्या ती अशा भरून काढी की ज्याचा फोटो असे त्यालाही पत्ता लागत नसे.

मोठे फोटो करायची खोली मागच्या बाजूला होती. तिच्या खिडकीवर फळी ठोकलेली, फळीला भोक आणि भोकाबाहेर तिरपा लावलेला आरसा. आरशावरचा उजेड भोकातून आत येई, प्लेटेतून आणि भिंगातून जाई आणि समोरच्या भिंतीवर टाचलेल्या कागदावर चित्र पाडी. त्या कागदाचं सगळंच उलटं होतं. उजेड पडेल तिथं तो काळा होई, पडणार नाही तिथं पांढरा राही. एखादा चेहरा फार काळपट येईल असं दिसलं की जीवराम सायकलच्या तारेला चिकटवलेली पुठ्ठ्याची टिकली उजेडाच्या वाटेत धरी आणि सारखी हलवत राही, म्हणजे कागदावर तिची कड उमटत नसे. कुठं काळोख हवा असला तर भोक पाडलेला पुठ्ठा धरून तेवढ्याच जागी जास्त उजेड सोडी. पहिल्या कामाला तो सावली धरणं म्हणे, दुसऱ्याला ऊन देणं. गिऱ्हाइकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. जीवरामकडे फोटो काढला की माणूस उजळ दिसतो, एवढंच ठाऊक होतं. सावळ्या मुलींचे बाप मुद्दाम त्याच्याकडे येत.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर रुपचंद शेटनं त्याला शिकारीच्या मुक्कामावर नेलं. रुपचंद शेटची जिनिंग फॅक्टरी होती, जंगलाचा ठेका होता आणि बंदुकीचा नाद होता. शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी त्याचे तंबू पडले होते. सकाळच्या हाक्यात, ढोल बडवून जनावरं उठवताना, एक बिबळ्या पडला. शेट त्याच्या अंगावर पाय ठेवून उभा राहिला, बाजूला पाहुणे उभे राहिले, आणि मागे मोहाच्या झाडाखाली हाका घालणारी भिल्ल माणसं ढोल आणि काठ्या घेऊन आपणहून येऊन थांबली. जीवरामनं फोटो घेतला आणि दुपारी प्लेटा सांभाळत बैलगाडीनं परत निघाला.

आठवडाभरानं शेट स्टुडिओत आला. त्यानं लहान फोटो हातात धरून बराच वेळ पाहिला.

"मोठा कर. दिवाणखान्यात लावायचाय. पण ही मागची गर्दी नको. नुसतं रान दिसू दे."

"माणसं सावलीतच आहेत, शेटजी. आणखी थोडं ऊन दिलं की झाडात मिसळून जातील."

"मिसळू दे. आणि प्लेटही पाठवून दे घरी."

"प्लेट स्टुडिओतच असते, शेटजी. पुन्हा कधी लागली तर..."

"पाठवून दे म्हणतो ना," शेट म्हणाला आणि उठला.

श्रीमंतांची हौस असेल, असं जीवरामला वाटलं. त्यानं सांगितल्याप्रमाणे केलं. मोहाखाली पुठ्ठ्याच्या भोकातून उजेड सोडत राहिला आणि कागद औषधाच्या पाण्यात टाकला तेव्हा झाडाखाली फक्त गडद काळोख उमटला. फोटो चौकटीत बसून शेटच्या दिवाणखान्यात गेला. प्लेट पाठवायची मात्र लग्नांच्या गडबडीत राहून गेली.

पौषात एके दिवशी दुपारी स्टुडिओच्या पायरीशी एक म्हातारा आणि एक तरुण बाई येऊन बसली. दोघांचे पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेले. बाईच्या पोटात मूल होतं. कमलबाईनं त्यांना पाणी दिलं, तेव्हा म्हातारा उठून उभा राहिला. आपसात ती दोघं भिल्लांच्या बोलीत बोलत होती, पण जीवरामशी म्हातारा खान्देशीत बोलला.

"भाऊ, मव्हना झाडखाले ज्यानी फोटू काढा, तो तुमीच ना?"

"हो, मीच. का बाबा?"

"मना आंडोर त्यामा शे. मंगा."

म्हाताऱ्याचं नाव कुवरसिंग. मंगा त्याचा मुलगा आणि ही बाई, रुपली, मंगाची बायको. कुवरसिंगनं सांगितलं ते असं. जीवराम परतला त्याच दुपारी दुसरा हाका झाला. शेटच्या गोळीनं वाघ जखमी झाला आणि कारवीच्या दाट झुडपांत शिरला. त्याला बाहेर काढायला शेटनं हाकेवाल्यांना आत घातलं. मंगा सगळ्यांच्या पुढे होता. त्याला वाघानं जागीच मारलं.

"मंग शेटनी सांगं, हाऊ मना माणूसच नही. सागवान तोडाले, चोरी कराले उना व्हता, तठे वाघनी धरं. बठ्ठासनी दखं, पन कोनी बोलत नही. शेटना ठेकावर पोट शे ना त्यासनं."

पाहिलं सगळ्यांनी, बोललं कुणी नाही, आणि सरकारी कागदावरही शेट म्हणाला तसंच लिहिलं गेलं होतं. जंगलातल्या शिपायानं घरातली कुऱ्हाड उचलून नेली होती. चोराचं घर म्हणून तो त्यांना रानात पाय ठेवू देत नव्हता. ना लाकूडफाटा, ना डिंक, आणि पुढं मोहाची फुलं पडतील तीही नाहीत. पाड्यावरची माणसं वाईट बोलत नव्हती, पण रुपलीच्या दाराशी येऊन बसायचं त्यांनी सोडलं होतं.

"तो चोर नव्हता, भाऊ. शेटनी बलावा म्हनीसन गया व्हता. तुमना फोटूमा तो शेटना मांगे उभा शे."

जीवराम आत गेला. त्यानं प्लेट शोधून काढली आणि दाराच्या उजेडात धरली. बिबळ्या, बंदूक, शेटचे बूट, सगळं स्पष्ट होतं. काचेवर अंधार कोरा उमटतो, म्हणून झाडाखालची जागा जवळजवळ कोरी होती. पण नीट पाहिलं तर त्या कोऱ्या काचेत बारीक रेघा होत्या. खांदे, ढोलाची कड, चेहरे.

कमलबाई मागे येऊन उभी राहिली होती. "शेटजींनी ही माणसं का पुसायला लावली, ते कळलं आता," ती म्हणाली.

जीवरामनं मान हलवली. त्यानं प्लेट जपून खाली ठेवली.

ती रात्र कुवरसिंग आणि रुपली स्टुडिओच्या ओट्यावर निजली. सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर जीवरामनं मागच्या खोलीत कागद टाचला. या वेळी त्यानं फक्त मोहाखालचा भाग मोठा घेतला. आधी कुवरसिंगला लहान फोटोत बोट ठेवायला लावून मंगा कोणता हे त्यानं पक्कं करून घेतलं होतं: डावीकडचा, ढोल गळ्यात असलेला. जीवराम तारेवरची टिकली त्याच्या चेहऱ्यावर धरून हलवत राहिला. हाताला सवय होती तेवढा वेळ त्यानं सावली धरली. लाल कंदिलाच्या उजेडात कागद औषधात हलवू लागला तसं कपाळ आलं, गालाची हाडं आली, डोळे आले. कमलबाई पुटपुटली, "आला गं बाई."

कागद धुऊन, वाळवून त्यांनी रुपलीच्या हातात दिला. रुपलीनं आजवर कागदावर माणूस पाहिलेला नव्हता. तिनं कागद जवळ नेला, लांब नेला, आणि मान हलवली.

"हाऊ नही."

"नीट पाहा बाई," जीवराम म्हणाला. "ढोल आहे बघा गळ्यात."

"ढोल त्यानाच शे. तोंड त्यानं नही. मना घरवाला काया व्हता. हाऊ गोरा शे. याले राख लायेल शे." तिनं कागद उलटा करून ओट्यावर ठेवला. मग हळू आवाजात सासऱ्याशी ती आपल्या बोलीत काही बोलली. कुवरसिंगनं सांगितलं, "ती म्हनस, मराना नंतर तो आसा दिसे. जित्ता आसा नव्हता."

जीवरामला राग आला. एवढ्या अंधारातून चेहरा काढून दिला आणि वर नाव ठेवतात, असं क्षणभर वाटलं. तो कागद घेऊन आत गेला आणि खिडकीशी जाऊन पाहू लागला. चेहरा खरोखरच राखेसारखा होता. नाकाडोळ्यांच्या रेघा होत्या, पण आत रक्त नव्हतं. शहरातल्या मुलींना जो रंग तो वर्षानुवर्षं देत आला होता, तोच रंग त्यानं मंगाला दिला होता. कुणी मागितला नसताना.

"पुन्हा करा," कमलबाई दारातून म्हणाली. "आणि तिला विचारा तो कसा होता. या प्लेटेला मी पेन्सिल लावलेली नाही, लावणारही नाही."

कमलबाईनंच रुपलीला विचारलं. रुपली आधी लाजली, मग सांगू लागली. मंगा फार काळा. पण कपाळ आणि गाल चकाकायचे, उन्हातून आला की जास्तच. डोळे बारीक करून बघायची सवय. एका भुवईत जखमेची खूण, लहानपणी गोफणीचा दगड लागलेला.

दुसऱ्या खेपेला जीवरामनं सावली थोडकीच धरली. मग टिकली बाजूला ठेवली, छोट्या भोकाचा पुठ्ठा घेतला आणि गालांच्या खोलगट भागांवर, मानेवर, हनुवटीखाली थोडं थोडं ऊन दिलं. कपाळाला आणि गालाच्या उंचवट्यांना हात लावला नाही. कागद बिघडला. त्यानं दुसरा लावला. तोही जरा जास्त काळा झाला. बाहेर ऊन कलायला लागलं होतं, आरसा पुन्हा पुन्हा फिरवावा लागत होता. शेवटी जो कागद औषधातून वर आला त्यावर एक काळा माणूस डोळे बारीक करून समोर पाहत होता. त्याच्या कपाळावर घामाची चकाकी होती. डाव्या भुवईत एक फट होती.

रुपलीनं तो ओलाच पाहिला. तोंडात पदर घेतला आणि भिंतीला टेकून खाली बसली. कमलबाई तिच्याशेजारी बसली आणि बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. कुवरसिंग ओट्याच्या कडेला उभा राहून गल्लीकडे बघत होता, पण त्याचे खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेटचा मुनीम प्लेट न्यायला आला.

"किती दिवस झाले सांगून," तो म्हणाला. "शेटजी रागावलेत."

कमलबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. जीवराम म्हणाला, "प्लेट कचेरीत न्यायची आहे. नंतर बघू."

"कुठल्या कचेरीत?"

"प्रांतसाहेबांच्या."

मुनीम तडक निघून गेला. कमलबाई म्हणाली, "आता मागं फिरता येणार नाही हो."

"कळतंय मला," म्हणत जीवरामनं कोट घातला. प्लेट फडक्यात गुंडाळली, मंगाचा फोटो आणि सबंध दृश्याचा दुसरा फोटो बरोबर घेतला आणि कुवरसिंग आणि रुपलीला घेऊन तो कचेरीत गेला.

प्रांतसाहेब मराठी होते, शांत स्वभावाचे. चौकशीचे कागद त्यांच्याकडेच आले होते. त्यांनी कुवरसिंगचं म्हणणं ऐकून घेतलं, सबंध दृश्याचा फोटो पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हा फोटो मी पाहिलाय. रुपचंद शेटच्या दिवाणखान्यात. तिथं मागे कुणीच नाही. नुसतं झाड आहे."

"होय साहेब."

"मग ही माणसं कुठून आली? तुमच्या कलेत माणूस घालता येतो वाटतं?"

जीवराम म्हणाला, "घातलेली नाहीत साहेब. तिथल्या फोटोतून ती काढून टाकलेली आहेत. तो फोटोही मीच केलाय."

"तुम्हीच?"

"शेटजींनी सांगितलं गर्दी नको. मी जास्त उजेड देऊन ती काळोखात घातली. तेव्हा यातला एक मेल्याचं मला माहीत नव्हतं. पण केलं मी, साहेब."

कारकुनानं लिहिणं थांबवलं होतं.

"म्हणजे एकाच प्लेटेतून माणूस दाखवताही येतो आणि लपवताही येतो," प्रांतसाहेब म्हणाले. "मग मी कोणता फोटो खरा धरायचा?"

"फोटो धरूच नका. प्लेट बघा. तिच्यावर आमचा हात फिरलेला नाही. ना पेन्सिल, ना ब्रश." जीवरामनं फडकं सोडून प्लेट पुढे केली.

साहेब उठून खिडकीशी गेले. काच उजेडात धरून त्यांनी खूप वेळ पाहिलं, टेबलावरचं भिंग मागवलं, पुन्हा पाहिलं. मग जीवरामला विचारलं, "हा बिबळ्या कोणत्या दिवशी पडला?"

"त्याच दिवशी सकाळी. मुक्कामात बिबळ्या एकच मारला गेला. सगळ्यांना ठाऊक आहे. आणि त्याच दुपारी हा माणूस मेला."

"हा ढोल गळ्यात घालून सागवान तोडायला कुणी जात नाही," साहेब स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले. त्यांनी जीवरामचा जबाब लिहून घ्यायला सांगितला. प्लेट ठेवून घेतली.

पुढे काय झालं ते फार मोठं नाही. चौकशी पुन्हा झाली. फोटो समोर आल्यावर हाकेवाल्यांपैकी दोघं जण बोलले. मंगा हाक्याच्या कामावर असताना वाघाच्या हल्ल्यात मारला गेला, असं कागदावर लिहिलं गेलं. चोरीचा ठपका निघाला. शिपायानं कुऱ्हाड परत दिली आणि मोहाची फुलं पडू लागायच्या आत त्या घराला रानात जायची वाट मोकळी झाली. रुपचंद शेटला कुणी शिक्षा केली नाही. मंगा आपल्याच हाक्यात होता हे लक्षात राहिलं नव्हतं, असं त्यानं सांगितलं आणि ते मान्य झालं.

एक दिवस शेट स्टुडिओसमोर मोटार थांबवून आत आला. बसला नाही.

"जीवराम, तुझ्या गावचाही नव्हता तो. तुझा कोण लागत होता?"

"कुणी नाही, शेटजी."

"मग?"

जीवरामनं हातातला पुठ्ठा बाजूला ठेवला. तो म्हणाला, "तो तिथं उभा होता. मी त्याला पाहिलं होतं."

"मीही पाहिलं होतं," शेट म्हणाला. त्याचा चेहरा क्षणभर थकलेला दिसला. मग तो काठी टेकवत बाहेर गेला. त्यानंतर शेटच्या घरचं, त्याच्या भाऊबंदांच्या घरचं एकही काम स्टुडिओत आलं नाही. बाजारातल्या इतर बड्या घरांनीही हळूहळू जळगावच्या फोटोग्राफरला बोलवायला सुरुवात केली. कमलबाईनं शेजारणींचे कपडे शिवायला घेतले. तिनं त्याबद्दल नवऱ्याला कधी बोल लावला नाही. एकदा फक्त हसून म्हणाली, "पेन्सिलीपेक्षा सुई बरी. डोळ्यांना ताण कमी."

माघाच्या शेवटी कुवरसिंगचा निरोप आला. मंगाच्या नावानं पाड्याच्या शिवेवर दगड उभा करायचा होता. भाऊनं यावं. जीवराम कॅमेरा न घेता गेला. पाड्यावरची सगळी माणसं जमली होती. जी रुपलीच्या दाराशी येत नव्हती तीही आली होती. दगडावर, त्यांच्या रीतीप्रमाणे, घोड्यावर बसलेला एक माणूस कोरला होता. ढोल वाजले. खड्डा खणून झाला, तेव्हा रुपली पुढे आली. तिच्या कुशीत नुकतंच जन्मलेलं मूल होतं. तिनं कमरेला खोचलेलं फडकं सोडलं आणि आतला फोटो खड्ड्यात ठेवला.

जीवरामच्या तोंडून निघून गेलं, "अहो बाई, मातीत खराब होईल तो!"

रुपली त्याच्याकडे वळली. ती पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत बघून बोलत होती. "माले कागद नको, भाऊ. मी त्याले दख्येल शे. ज्यासले दखानं व्हतं, त्यासनी दखी लिधं."

मग माणसांनी दगड उचलून खड्ड्यात उभा केला आणि भोवती माती लोटली. जीवरामनंही एक मूठ माती टाकली. एवढे फोटो त्यानं आयुष्यात केले होते. कुणी मातीत घातलेला हा पहिलाच. त्याला वाईट वाटलं, आणि वाईट वाटू नये असंही वाटलं. जेवणाला पंगतीत त्याला कुवरसिंगच्या शेजारी बसवलं.

परतताना कुवरसिंग त्याला तापीपर्यंत पोचवायला आला. नाव पलीकडच्या काठाला होती. दोघं वाळूत बसून राहिले. इतके दिवस मुलाबद्दल सांगताना म्हातारा फक्त त्याच्या मरणाबद्दल बोलला होता. आता तो आपणहून बोलू लागला.

"मंगाले पानीनं भारी भ्याव लागे. तापी कधी वलांडी नही त्यानी. उन्हायामा पानी गुडघाइतलं ऱ्हास, तवय बी नही. मी त्याले हासू." तो पाण्याकडे बघत राहिला. "वाघले नही भ्याना. पानीले भ्याये."

"मग नदीपलीकडचं धुळं त्यानं पाहिलंच नव्हतं?"

"नही. आम्ही दोन्हीजन गवूत ते त्यानाच करता."

नाव आली. जीवराम चढला आणि फळीवर बसला. नावाड्यानं बांबू टेकून नाव लोटली. मध्ये पाणी खोल होतं, संथ होतं. कुवरसिंग धोतर वर खोचून काठाच्या पाण्यात घोट्यापर्यंत उभा होता. नाव निम्म्यावर गेल्यावर तो वळला आणि उन्हातून पाड्याच्या वाटेला लागला.